लेकरू घरी बोलते, शाळेत मुके का?



रविवारची वंदना आटोपली की आयाबाया विहाराच्या ओट्यावर घटकाभर टेकतात. तिथे एक गाऱ्हाणे आमच्या कानावर वरचेवर येते. नांदेडच्या वस्तीत ऐकले, लातूरच्या वस्तीतही ऐकले. शब्द जवळपास तेच. "घरात तोंडाचा पट्टा थांबत नाई बगा ह्याच्या. शाळंत गेलं की मुकं. मास्तर म्हनतात, डोकं कमी हाय." आणि लगेच त्या माउलीच स्वतः निकाल देऊन मोकळ्या होतात, "आमालाच डोकं नाई, लेकराला कुठून येनार?"

हा निकाल आम्हाला मान्य नाही. मास्तरांचाही नाही आणि आईचाही नाही. मुलाचे बोलणे कसे वाढते, विचार कसा वाढतो, यावर गेल्या शंभर वर्षांत जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे. तो इंग्रजी पुस्तकांत पडून राहिला आणि आपल्या वस्तीपर्यंत फारसा आलाच नाही. आज त्यातला थोडा भाग मायबहिणींपुढे ठेवत आहोत.

आधी अमेरिकेची गोष्ट. न्यूयॉर्क शहरात हार्लेम नावाची कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. (ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर हे नाव घेतले, तो हा समाज.) १९६० च्या दशकात तिथले काही शिक्षणतज्ज्ञ सांगू लागले की, या मुलांना भाषाच नसते. घरात कोणी त्यांच्याशी धड बोलत नाही, म्हणून ती विचारही करू शकत नाहीत. पुरावा काय, तर मुलाला खोलीत बसवायचे, समोर खेळणे ठेवायचे आणि मोठ्या माणसाने म्हणायचे, याच्याबद्दल सगळे सांग. मूल एखादा शब्द बोले आणि गप्प बसे. कागदावर लिहिले जाई, भाषा नाही.

विल्यम लबॉव्ह नावाच्या भाषाशास्त्रज्ञाला हे पटले नाही. त्याच्या बरोबरीने काम करणारा एक कृष्णवर्णीय गृहस्थ हार्लेममध्येच वाढलेला होता. त्याने आठ वर्षांच्या लिऑन नावाच्या मुलाची मुलाखत घेतली. तरीही लिऑन गप्पच. इथे आपण थांबून विचार करावा. आपल्याच समाजाचा माणूस समोर बसला म्हणून मुलाचे तोंड उघडले नाही. कारण तो मोठा, वर बसलेला, प्रश्न विचारणारा. आणि मूल लहान, तपासले जाणारे. मग पुढच्या खेपेला त्यांनी डाव बदलला. त्या गृहस्थाने बटाट्याचे चिप्स आणले. लिऑनचा जिवलग मित्र बरोबर बोलावला. स्वतः खाली जमिनीवर बसला आणि मोठ्यांपुढे जे बोलू नये म्हणतात तसलेही विषय आपणहून काढले. झाले! दोन्ही पोरे एकमेकांचे बोलणे तोडून बोलू लागली. तेच मूल, तेच डोके, तीच भाषा. १९६९ साली लबॉव्हने हे सगळे लिहून दाखवून दिले की, या मुलांच्या बोलीला स्वतःचे पक्के नियम आहेत आणि त्या बोलीत तर्कशुद्ध युक्तिवाद उत्तम करता येतो.

आता आपल्या बोलीकडे वळू. शाळेत मूल "काय करायलास" म्हणाले, "कामून" म्हणाले, की वर्ग हसतो. गुरुजी म्हणतात, शुद्ध बोल. शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द आपल्या कानांना नवे नाहीत. ते पाण्याला लावले गेले, भांड्याला लावले गेले, माणसाला लावले गेले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी घेतले, तेव्हा नंतर ते तळेही 'शुद्ध' करून घेण्यात आले होते. आता तोच शब्द लेकराच्या जिभेला लागतो. आम्ही म्हणतो, पुस्तकातल्या भाषेला प्रमाण भाषा म्हणा. ती शिकलीच पाहिजे, नोकरीच्या अर्जाला आणि परीक्षेला ती लागते. परंतु घरची बोली अशुद्ध आहे, हे मात्र खोटे आहे.

एक साधी गोष्ट पाहा. आपल्याकडे पुष्कळ घरांत "मी आलो" आणि "आम्ही आलाव" असे बोलतात. पुस्तकात दोन्ही ठिकाणी "आलो" असते. एकटा आला की चौघे आले, हे पुस्तकी मराठीत क्रियापदावरून समजत नाही. आपल्या बोलीत ते समजते. म्हणजे इथे अधिक काटेकोर कोण? हे आम्ही एका शिक्षकांना विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, असा विचार कधी केलाच नव्हता.

भगवान बुद्धांपुढेही हा प्रश्न आला होता. विनयपिटकातील चुल्लवग्गात तो प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून संघात आलेले, बोलण्या-उच्चारण्यात तरबेज असे दोन भाऊ होते. त्यांनी तक्रार केली की, नाना कुळांतले, नाना जातींतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवत आहेत. आज्ञा द्यावी, आम्ही ते छंदस्‌मध्ये, म्हणजे वेदांच्या वळणाच्या भाषेत बसवतो. भगवंतांनी त्यांना फटकारले, आणि भिक्खूंना वचन आपल्या भाषेत शिकण्याची मोकळीक दिली. (पुढे अट्ठकथाकार बुद्धघोषांनी 'आपली भाषा' म्हणजे बुद्धांची स्वतःची मागधी, असा अर्थ लावला. पण अनेक अभ्यासक 'ज्याची त्याची बोली' असाच अर्थ घेतात, आणि प्रसंग पाहता आम्हालाही तोच पटतो.)

भाषेची अडचण आपल्या मराठवाड्याला नवीन नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी कारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथे उच्च शिक्षणही उर्दूतून. मराठी घरातल्या मुलाला आधी भाषेचा डोंगर चढावा लागे आणि मग गणिताचा. आपल्या समाजाच्या मुलाला तर त्याआधी शाळेचा उंबरठा. आजही देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवटकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यावर गोरमाटी, शहरात दखनी. बाजाराच्या दिवशी तिथले लेकरू दोन-तीन भाषांत घासाघीस करते. जास्त भाषांनी मुलाचा मेंदू गोंधळतो ही जुनी समजूत आहे, आणि ती खरी नाही.

मूल भाषा कसे शिकते, हे आईइतके जवळून कोणी पाहत नाही. साधारण सहा महिन्यांचे झाले की 'बा-बा', 'दा-दा' सुरू होते, वर्षाच्या आसपास पहिला खरा शब्द येतो, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दोन शब्द जोडले जातात. थोडे मागेपुढे होतेच. (दोन वर्षे उलटूनही मूल काहीच बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर मात्र 'बोलेल हळूहळू' म्हणत बसू नये, दवाखान्यात नेऊन कान तपासून घ्यावेत.) पुढे तीन वर्षांच्या सुमारास ते एक गंमत करते. "बाबा गेला" म्हणण्याऐवजी "बाबा जाला" म्हणते, "आला" ऐवजी "येला". आपण हसतो. पण विचार करा, "जाला" हा शब्द घरात कोणी उच्चारला होता? कोणीच नाही. मग तो त्याला मिळाला कुठून? 'बस'चे 'बसला', 'पड'चे 'पडला' हे ऐकून त्याने आपणच नियम शोधला आणि 'जा'ला लावून पाहिला. नियम बरोबर होता, अपवाद अजून ठाऊक नव्हता. कुणी न शिकवता नियम शोधणारे हे डोके! त्याला कमी कोण म्हणेल? सहा वर्षांत एवढे काम केलेले मूल पहिलीच्या वर्गात बसते, आणि दोन महिन्यांत ते 'मंद' ठरते.

दुसरी गोष्ट एकट्याने खेळणाऱ्या मुलाची. चारेक वर्षांचे लेकरू मातीत खेळताना आपल्याशीच बोलत असते. "हे इथं ठिवायचं. नाई बसत. मंग हे काढू." आपण दटावतो, "येड्यावानी काय बडबडायलास?" रशियात लेव्ह व्हायगॉट्स्की नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचा जन्म १८९६ चा, ज्यू कुटुंबातला. त्या काळी झारच्या राज्यात ज्यू मुलांना विद्यापीठात मोजक्याच जागा असत आणि त्यासुद्धा शेवटी चिठ्ठ्या टाकून मिळत, म्हणजे डोके असूनही दाराबाहेर उभे राहणे काय असते हे त्याला ठाऊक होते. त्याने चित्र काढणाऱ्या मुलांपुढे मुद्दाम अडचण निर्माण केली. हवी ती रंगीत पेन्सिल ठेवलीच नाही, कागद दिला नाही. तेव्हा मुलांचे स्वतःशी बोलणे जवळपास दुप्पट झाले. म्हणजे अडले की मूल बोलते, आणि बोलत बोलत वाट काढते. व्हायगॉट्स्कीचे म्हणणे असे की, हे बोलणे म्हणजेच विचार, अजून बाहेर असलेला. वय वाढते तसा तो आत जातो आणि आपण त्याला 'मनात विचार करणे' म्हणतो. क्षयाने तो १९३४ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. विचार आणि भाषा यांच्यावरचे त्याचे पुस्तक त्याच वर्षी निघाले.

तेव्हा लेकरू पुटपुटत असेल तर पुटपुटू द्यावे. हिशोब करताना ओठ हलले, बोटे मोजली म्हणून मारू नये.

हिशोबावरून आठवले. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या कुठल्याही बाजारात आईबापाबरोबर भाजी घेऊन बसलेली मुले पाहावीत. पंधरा रुपये पाव, तर पाऊण किलोचे किती आणि शंभराच्या नोटेतून परत किती, हे त्यांना कागद लागत नाही. तेच मूल वर्गात फळ्यावरचा गुणाकार चुकवते. ब्राझील देशात रेसिफे शहरात तीन संशोधकांनी १९८५ साली नेमके हेच तपासून प्रसिद्ध केले. रस्त्यावर नारळ, फळे विकणारी नऊ ते पंधरा वर्षांची पाच मुले त्यांनी घेतली. आधी गिऱ्हाईक होऊन बाजारातच हिशोब विचारले. शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर आले. नंतर तशाच आकड्यांची गणिते कागदावर मांडून दिली, तर शंभरात सदतीसच बरोबर. एका मुलाला ३५ ला एक या दराने दहा नारळांचे विचारले. दहाने गुणण्यासाठी एक शून्य द्यावे हे शाळेचे उत्तर. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, त्यात आणखी तीन, आणखी तीन, मग उरलेला एक, असे करत ३५० वर आला. पद्धत त्याची स्वतःची होती, आणि तिच्यात चूक नव्हती. शाळेने त्याला कधी विचारलेच नव्हते की, बाबा रे, तू कसा मोजतोस?

इथे लातूर पॅटर्नचा विषय काढल्याशिवाय गत्यंतर नाही. जादा तास, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, चाचणीवर चाचणी, चुकलेले पुन्हा सोडवून घेणे, या पद्धतीने लातूरचे नाव झाले. आज वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले तिथे खोल्या करून राहतात. मेहनतीला आम्ही नावे ठेवणार नाही. मजुराच्या घरातली मुले याच मेहनतीवर डॉक्टर झालेली आहेत. सरावाशिवाय गणित हाताखालून जात नाही हेही खरे. पण एक धोका आहे, आणि फी भरण्यासाठी कर्ज काढणाऱ्या बापाला तो माहीत असावा. माक्स वेर्टहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एका वर्गात समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ शिकवलेले पाहिले. वरून लंब टाका, पाया गुणिले उंची. सगळी मुले फटाफट सोडवत होती. त्याने तोच चौकोन फळ्यावर उभा वळवून काढला. काही मुले गोंधळली, काही म्हणाली, हे अजून आम्हाला शिकवले नाही! उत्तर पाठ होते, कारण पाठ नव्हते. त्याचे हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४५ मध्ये आले. लातूरमध्ये आज ते कुणी वाचते की नाही, देव जाणे... म्हणजे देव नव्हे, शिकवणी घेणारेच जाणोत.

प्रश्न वळवून विचारला तरी न गोंधळणारे डोके शिकवणीच्या वर्गात अकरावीला तयार होत नाही. त्याची सुरुवात वयाच्या तिसऱ्या वर्षी, "हे असं कामून?" या प्रश्नापासून होते.

आता सर्वांत जड गोष्ट. २००६ साली अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतली सहावी-सातवीची मुले त्यांनी घेतली, निम्मी वरच्या म्हणवणाऱ्या जातींची, निम्मी अस्पृश्य गणलेल्या जातीची. सर्वांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. एक सुटला की एक रुपया. जेव्हा कोणाचीच जात सांगितली नाही, तेव्हा दोन्ही गटांनी सारखेच कोडे सोडवले. फरक नाही. नंतर दुसऱ्या तुकड्यांमध्ये सुरुवातीलाच सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव, आज्याचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. तेवढ्यानेच आपल्या मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. कोडे तेच, बक्षीस तेच, मेंदू तोच.

हे वाचल्यापासून आम्हाला शाळेतल्या याद्या आठवत आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, जातीचा दाखला आणला का, असे भर वर्गात नाव घेऊन उभे करून विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असते असे आम्ही म्हणत नाही, पुष्कळदा ते घाईत असतात. परंतु त्यानंतरच्या तासाला त्या मुलाने गणित चुकवले तर तो दोष डोक्याचा धरायचा काय? शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे, ती सोडायची नाही. मात्र पालकांनी शाळेत जाऊन एवढे जरूर म्हणावे, "गुरुजी, हे कागदाचं काम आमाला चिठ्ठी देऊन सांगा, नाहीतर फोन करा. वर्गात लेकराला उभं करून नका विचारू." दोघे-चौघे पालक मिळून गेले तर बरे. एकटीला बोलायला धीर होत नाही.

शाळेचे झाले. आता घराचे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५० साली त्यावेळच्या औरंगाबादला, नागसेनवनात जे महाविद्यालय उभे केले, त्याला पुढे मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा ग्रीक राजा, आजच्या पाकिस्तानातल्या सियालकोटकडे, म्हणजे जुन्या सागल नगरीत राज्य करणारा, आणि प्रश्न विचारण्यात पटाईत. त्याने भदंत नागसेनांना वादाला बोलावले तेव्हा नागसेनांनी अट घातली. पंडित बोलतात तसे बोलणार असशील तर बोलू, राजे बोलतात तसे असेल तर नाही. राजाने विचारले, फरक काय? पंडितांच्या बोलण्यात एकजण दुसऱ्याला खोडून काढतो, कुणी हरतो, चूक कबूल करतो, पण कुणी रागावत नाही. राजा मात्र एक गोष्ट म्हणतो, आणि जो 'नाही' म्हणेल त्याला दंड करतो.

आपल्या घरात कोणता वाद चालतो? दिवसभर बांधकामावर किंवा हमालीवर राबून आलेल्या बापाला पोराने "कामून" विचारले तर पाठीत धपाटा बसतो, हे आम्ही पाहतो. थकवा खरा आहे. कर्जाची काळजी खरी आहे. दिवसभर बाहेर ज्याला कुणी प्रश्न विचारू देत नाही, तो घरी येऊन राजा होतो. पण ज्या लेकराला घरातच प्रश्नाला धपाटा मिळाला, ते वर्गात हात कशाला वर करील?

आई-बाप शिकलेले नाहीत म्हणून अडत नाही. भाकरी थापताना विचारावे, आज भाकरी नऊ आणि खाणारे पाच, कशा वाटशील? उत्तर आले की "बरोबर" म्हणून सोडून देऊ नये. "कसं काढलंस?" म्हणावे. चुकले तरी तोच प्रश्न, त्याच आवाजात. सांगता सांगता बहुतेक वेळा चूक त्याची त्यालाच सापडते. त्याने विचारलेले आपल्याला येत नसेल तर "गप बस" म्हणण्यापेक्षा "मला ठाव नाई, उद्या बाईंना इचार आन् मला येऊन सांग" असे म्हणावे. आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखर सांगायला आले, की हातातले काम थोडे बाजूला ठेवावे. सांगताना "आमी गेलाव, आलाव" असे आले तर मध्येच दुरुस्त करू नये. आधी गोष्ट पुरी होऊ द्यावी.